नेटला लागलेली सर्व्हिस

त्या शनिवारी सकाळी सहाला हेड कोचचा मेसेज आला. ताप भरलाय, आज तूच बघ. मी स्ट्रिंगिंग मशीनपाशी उभा होतो, ५२ पौंडांवर एक रॅकेट चढवलेली, दुसरी रांगेत.

अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसचा असिस्टंट कोच नेमकं काय करतो, हे पुण्यात सांगायला गेलं की पंचाईत होते. बाबांना अजून वाटतं मी पीटीचा सर आहे. रॅकेटा विणायच्या, व्हॅन चालवायची, पुढच्या वर्षीच्या पोरांचे यूटीआर, म्हणजे खेळाचं रेटिंग, बघून त्यांच्या आईबापांशी बोलायचं, आणि मॅचला, जिथे सहा सिंगल्स ताकदीप्रमाणे एक ते सहा नंबरावर लागतात, पाच-सहा नंबरच्या कोर्टामागे उभं राहायचं. एक-दोन नंबर हेड कोचचे, तिथे आपण फिरकायचंही नाही.

मी २०१६ला खेळाडू म्हणून आलो. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, तेव्हा पुरुषांच्या अख्ख्या टीममागे साडेचार स्कॉलरशिप असत, त्याच सगळ्यांत वाटायच्या. माझ्या वाट्याला अर्धी आली, बाकीचं कर्ज. खेळणं संपल्यावर मास्टर्स करता करता दोन वर्षं व्हॉलंटिअर कोच होतो, थोडक्यात फुकट. नियमच तसा होता, पगारी दोन आणि तिसरा बिनपगारी. जुलै २०२३पासून एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळ चालवणाऱ्या संस्थेने, ते पदच काढून टाकलं, तिसऱ्यालाही पगार देता येऊ लागला, आणि मी नोकरदार झालो. बढती म्हणावी तर कामात काडीचाही फरक नाही.

बाहेर बर्फ, त्यामुळे मॅच इनडोअर क्लबात. तिथे कोर्टं चारच. सगळ्या डबल्स मिळून एक पॉइंट आणि प्रत्येक सिंगल्सला एक; डबल्सचा आम्ही घालवला. मग सिंगल्सच्या पहिल्या चार मॅचेस लागल्या, त्या संपतील तशी पाच-सहा नंबरची पोरं उतरली. दुपार सरली तेव्हा स्कोअर ३-३, आणि चालू होती फक्त सहा नंबरची मॅच. म्हणजे माझीच. टेक्सासच्या एका गावातलं आमचं फर्स्ट इयरचं पोरगं तिसऱ्या सेटमध्ये ५-४वर सर्व्ह करत होतं. ४०-४०. कॉलेजात ॲडव्हांटेज नसतो, पुढचा पॉइंट म्हणजे गेम. इथे तर अख्खी मॅच.

साइड निवडायचा हक्क रिसीव्हरचा. त्याने ॲड कोर्ट, म्हणजे स्वतःची डावी बाजू, घेतलं. आमच्याकडे पॉइंटच्या मध्ये कोचला बोलता येतं. मी म्हणालो, "वाइड टाक," म्हणजे कडेला. पोरगं म्हणालं, "नाही कोच, बॉडी," म्हणजे थेट अंगावर. त्याचा हात थरथरत होता, पण आवाज नाही. म्हटलं, टाक बाबा.

बॉल नेटच्या पट्टीला लागला, उडाला आणि पलीकडे सर्व्हिस बॉक्समध्ये मेल्यासारखा पडला. समोरचा हात वर करून थांबला. लेट! म्हणजे नेटला लागली, सर्व्हिस पुन्हा. तो जानेवारीतच परदेशातून आला होता, आणि डिव्हिजन वनच्या पुरुषांत सर्व्हिसला लेट नसतो. नेटला लागून आत पडली की खेळायची. खेळाडू स्वतःच कॉल देतात, त्यामुळे एस, म्हणजे हातच न लागलेली सर्व्हिस, बसला की काही जण खोटंच "लेट" ओरडत, म्हणून केलेला नियम. बॉलने दुसरा टप्पा घेतला. तो हात वर तसाच ठेवून अधिकाऱ्याकडे बघत राहिला.

आमची पोरं किंचाळत कोर्टात घुसली. मी जागचा हललो नाही. २०१७च्या माझ्या पहिल्या सीझनला मी अगदी असाच हात वर करून उभा राहिलो होतो. नियम माहीत होता, सांगितलेला होता. हाताला माहीत नव्हता, लहानपणापासूनची सवय.

त्याला जाऊन हे सांगावं असं वाटलं. पण तोवर त्यांचा असिस्टंट कोच पोचला होता. काही न बोलता त्याने पोराची बॅग उचलली, पडलेला टॉवेल खांद्यावर टाकला, आणि त्याच्या बाजूने चालू लागला.

व्हॅनमध्ये बसल्यावर हेड कोचचा फोन आला. ४-३ ऐकून खोकत खोकत हसला.

"मस्त. निघताना गॅस भर. आणि उद्या सकाळच्या आत दोन नंबरच्या रॅकेटा विणून ठेव."