फुलं येतात, पण वांगी धरत नाहीत

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुतेकदा हाच असतो: ‘कुंडीतलं वांग्याचं झाड मस्त वाढलंय, जांभळी फुलं रोज दिसतात, पण चार दिवसांत देठासकट गळून पडतात. काय फवारू?’ आधी फुलात डोकावून बघा म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला औषधाचं नाव हवं असतं.

वांग्याचं फूल खाली मान घालून असतं, त्यामुळे बोटाने वर करून बघावं लागतं. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका दिसेल. त्या झुबक्यातून स्त्रीकेसराचं हिरवट टोक बाहेर डोकावतंय का, ते बघा. डोकावत असेल तर ते फूल कामाचं. टोक आत खोल दडलं असेल तर ते गळणारच, कारण पराग झुबक्याच्या तोंडाशी सुटतो आणि आखूड केसर राहतो आतच. लांब, मध्यम, आखूड अशी तिन्ही तऱ्हेची फुलं एकाच झाडावर असतात. घोस असला तर त्यातलं बुडाचं, जाड देठाचं फूल सहसा लांब केसराचं निघतं आणि पुढची बारकी आखूड. तेव्हा थोडी गळ चालायचीच.

सगळीच फुलं आखूड केसराची निघायला लागली, तर मात्र झाडाचं काहीतरी बिनसलंय. ते उपाशी असेल, उन्हाने हैराण असेल, नाहीतर अंगावर आधीच पेलवेल तेवढी फळं असतील. माझ्या पहिल्या झाडाची गत निराळीच होती. मी दर आठवड्याला चिमूट चिमूट युरिया घालत होते. पानं ताटलीएवढी झाली, बघणारे कौतुक करायचे, आणि हंगामभरात वांगी आली दोन! युरियातून नुसतं नत्र, म्हणजे नायट्रोजन, मिळालं की झाड पानांतच रमतं. वर कुंडीही लहान होती. आता मी 20 लिटरच्या आत वांगं लावतच नाही, आणि दिवसाला 6 तास ऊन नसेल तर लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फूल लांब केसराचं असूनही गळतंय? मग त्याला हलवा. वांग्याचे पुंकेसर मिठाच्या डबीसारखे असतात: टोकाला बारीक छिद्रं, आणि हादरा बसल्याशिवाय पराग सांडत नाही. भुंगा फुलाला लटकून जोरात गुणगुणतो तेव्हा तो हेच करत असतो. मधमाशीला ते जमत नाही. बंदिस्त गॅलरीत वारा नाही, भुंगा नाही, तेव्हा ते काम आपलं. सकाळी देठावर दोन-तीन टिचक्या मारा, किंवा बॅटरीचा टूथब्रश देठाला क्षणभर टेकवा. पारा 35 अंशांच्या वर गेला की परागच कमजोर पडतो. तेव्हा दुपारची सावली करून वाट बघायची, दुसरं काही नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण विचाराल. ओल असूनही एखादाच कोवळा शेंडा मान टाकतो. पाणी वाढवू नका, आत अळी आहे. कोमेजल्या भागाच्या दोन बोटं खाली कापा, काडी उभी चिरा. पोकळ नळीत फिकट गुलाबी अळी वळवळताना दिसेल. फवारा तिथवर पोचत नाही, कात्री पोचते. तो शेंडा कंपोस्टमध्ये टाकू नका. आणि हे रोज बघा, कारण पुढची पिढी फळात शिरते आणि वरून एक बारीक भोक सोडलं तर काही कळत नाही.

फळ चकचकीत असतानाच काढा. तुकतुकी गेली की बी जून झालंच म्हणून समजा. ओढू नका, फांदी सोलून निघते. देठाला काटे असतात, हे माझा अंगठा सांगेल.