नागपूर ते भिवापूर: पिकअपच्या बंद हौद्यात धूळ शिरते ती मागून

भाचीच्या लग्नासाठी गाद्या, रजया आणि धुतलेल्या पांढऱ्या चादरी घेऊन भिवापूरच्या पुढच्या एका खेड्यात तीन फेऱ्या केल्या. पिकअपच्या हौद्यावर फायबरची कॅनोपी, म्हणजे टपासारखं झाकण, मागे वर उचलायचं काचेचं दार, त्याखाली फाळका, म्हणजे हौद्याची मागची खाली पडणारी झडप. सगळं बंद, म्हणून पहिल्या फेरीला ताडपत्री टाकायची गरज वाटली नाही.

नागपुरातल्या दिघोरीहून उमरेडपर्यंत काही त्रास नाही. उमरेडजवळ कोळशाचे ट्रक लागतात, आणि भिवापूर सोडल्यावर शेवटचा दहा-बारा किलोमीटर मुरमाचा रस्ता, नुसता फुफाटा. पोहोचल्यावर काच उचलली. वरच्या चादरीवर बोट फिरवलं तर पांढरी रेघ उमटली. फाळक्याकडच्या घड्या लालसर, केबिनकडच्या जवळपास कोऱ्या. ताई काही बोलली नाही. पण लग्नघर सोडून रात्री दहाला ती बोअरवर चादरी पिळत बसली, तेव्हा फार वाईट वाटलं.

कोऱ्या राहिलेल्या त्या घड्यांनीच खरं कारण सांगितलं. गाडी पळते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ तिथेच घोळत राहते. फाळक्याला फट असली की तिथून ती आत ओढली जाते. पुढून धूळ येतच नाही.

नागपूरला परतल्यावर रात्री हौद्यात टॉर्च लावून ठेवला, दारं बंद केली आणि बाहेरून फिरून पाहिलं. उजेडाची सगळ्यात जाड रेघ फाळक्याच्या खाली, बिजागरीच्या बाजूला. दोन्ही कोपऱ्यांत बोट जाईल एवढी भोकं. हे नक्की करून पाहा. दिवसा ही फट दिसत नाही.

मग पोकळ गोल कडेचं रबर बीडिंग आणलं. स्पंजची पट्टी घेऊ नका, आपल्याकडच्या उन्हात तिचा गोंद सुटतो. पत्रा थिनरने पुसून, पूर्ण वाळवून मगच चिकटवा. फाळका लावताना हाताला थोडा जोर लागला पाहिजे. सहज लागला तर रबर दबलेलं नाही. कॅनोपी जिथे हौद्यावर बसते तिथे सिलिकॉन भरलं. पाणी निघायच्या भोकांना मात्र काढता येणारी रबरी बुचं लावली. ती कायमची बुजवली तर पावसाळ्यात हौद्यात पाणी साचून पत्रा गंजतो.

दुसऱ्या फेरीत धूळ बरीच कमी झाली, तरी कोपऱ्यात लाल पूड होतीच. मागची ओढ एवढी असते की नुसतं बुजवून भागत नाही. म्हणून कॅनोपीच्या छतावर पुढच्या बाजूला, तोंड समोर असलेला छोटा व्हेंट, म्हणजे हवा आत घेणारा झरोका, बसवून घेतला, त्यात धुता येणारा फोम घातला. पुढून हवा भरली की आतला दाब वाढतो आणि फटींतून हवा बाहेर जाते. तिसऱ्या फेरीला चादरी जशा घातल्या तशा निघाल्या.

पुढे ट्रॅक्टर असेल तर त्याची धूळ निवेपर्यंत थांबा, नाहीतर व्हेंट तीच आत घेईल. उतरल्यावर काच लगेच उघडू नका. आधी फाळका आणि बंपर ओल्या फडक्याने पुसा. येताना भिवापुरी मिरचीची पोती आणणार असाल तर केबिनची मागची सरकती काच घट्ट लावा, नाहीतर हौद्यातली तिखट हवा केबिनमध्ये शिरेल. आणि फोम मुरमाच्या प्रत्येक फेरीनंतर धुवा, माझा एका फेरीतच विटकरी झाला होता.