तळ्याकाठची हिवाळी पक्षीगणना: पुढच्या वेळी जाणाऱ्यांसाठी

जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेला यंदा तळ्याकाठच्या उद्यानातल्या गटाबरोबर गेले होते. निम्म्या लोकांच्या गळ्यात दुर्बीण पहिल्यांदाच आलेली. उजाडता उजाडता जमलो ते फार बरं झालं. फिरायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली की बदकं मध्यावर सरकतात आणि तुतवार, धोबी असे काठावरचे पक्षी उडूनच जातात.

तळ्याचे भाग वाटून घेतले होते आणि प्रत्येक भागाला मोजणारे दोघं, लिहिणारा एक. लिहायचं काम दुय्यम समजू नका. मोजणाऱ्याने वहीत बघितलं की मोजणी तुटलीच.

आमच्या वाट्याला वारकरी या पाणपक्ष्यांचा मोठा थवा आला. काळं अंग, पांढरी चोच, पांढरं कपाळ. सगळे सारखे आणि सारखे बुड्या मारणारे. अशा वेळी आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे, ते दुर्बिणीत किती जागा घेतात ते नजरेत बसवायचं आणि तेवढाच तुकडा थव्यावरून पुढे सरकवत न्यायचा. आम्ही दोघींनी एकमेकींना आकडा न सांगता मोजलं. माझे २४०, तिचे २७५. पुन्हा मोजायला घेतलं तोच भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून खालून उडत आला. बदकं भर्रकन उठली. वारकरी मात्र उडाले नाहीत, एकमेकांना चिकटून त्यांचा काळा गठ्ठा झाला. अशा वेळी घाई करू नये. थवा पुन्हा पसरेपर्यंत थांबलो आणि मगच तिसरी मोजणी केली.

थापट्या बदकांपाशी मात्र मी मोजणं विसरून बघतच राहिले. रुंद चोच पाण्यात घालून सगळे एकामागे एक गोल फिरत होते. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेले बारीक जीव मागचा गाळून खातो. फिरत्या घोळक्यात एकच पक्षी दोनदा मोजला जातो, म्हणून जरा वेगळा दिसणारा एखादा नर खूण म्हणून धरावा.

दुर्मीळ पक्षी दिसला नाही म्हणून काही जण हिरमुसले. मला तसं वाटत नाही. आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना १९६७ पासून आणि आशियातली १९८७ पासून चालू आहे, ती अशाच नेहमीच्या पक्ष्यांच्या आकड्यांवर. एखाद्या पाणथळीवर नियमितपणे २०,००० पाणपक्षी असतील किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या १ टक्का पक्षी असतील, तर पाणथळ जागा जपण्यासाठीच्या रामसर या आंतरराष्ट्रीय करारानुसार ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. हे कुणीतरी काठावर उभं राहून मोजल्याशिवाय कळणार कसं?

जाणार असाल तर सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा. उन्हासमोर सगळी बदकं काळीच दिसतात. कपडे मातकट रंगाचे घाला. चांगलं दिसावं म्हणून पक्ष्यांना उडवू नका, थंडीत त्यांची ताकद फुकट जाते आणि मोजणीही बिघडते. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव न लावता ‘अनोळखी बदक’ असं लिहून संख्या टाका. पक्षी उडून दुसऱ्या गटाच्या हद्दीत गेले, तर वेळ आणि दिशा टिपून ठेवा, म्हणजे शेवटी दोन्ही गटांच्या याद्या जुळवता येतात. ही जुळवाजुळव उद्यानातून निघण्याआधीच करा. घरी गेल्यावर कोणता थवा कुठे गेला ते कुणालाच नीट आठवत नाही.