आहेत नक्की, पण कोण?

मुंबईत किमान ६३ माणसं अशी आहेत की त्यांच्या डोक्यावरच्या केसांची संख्या तंतोतंत सारखी आहे. हे सांगायला मी कोणाचेही केस मोजलेले नाहीत. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात; आपण सढळ हाताने दोन लाखांची मर्यादा धरू. शून्यापासून दोन लाखांपर्यंत कप्पे झाले २,००,००१. बृहन्मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ कोटी २४ लाख ४२ हजार. प्रत्येक कप्प्यात ६२ जण कोंबले तरी बेचाळीस हजार माणसं बाहेर ताटकळतात. त्यांनी जायचं कुठे? (टक्कलवाले सगळे शून्याच्याच कप्प्यात, ही पळवाट झाली म्हणा. त्यांना वगळा, आकडा थोडा उतरेल, मुद्दा ढळत नाही.)

कबुतरं जास्त आणि खुराडी कमी, तर एका खुराड्यात तरी दोघं येणारच. एवढंच हे तत्त्व. नाव डिरिक्ले या जर्मन गणितज्ञाचं लागलं, १८३४ चं. पण केसांचा हाच युक्तिवाद ल्यरशों नावाच्या जेझुइट पाद्र्याने १६२२ मध्येच मांडला होता.

मला त्याचा लग्नातला अवतार जास्त आवडतो. मांडवात २०० माणसं असतील, तर त्यांतल्या कुठल्यातरी दोघांच्या तिथल्या ओळखी अगदी समसमान असतात. ओळखी ० ते १९९, म्हणजे कप्पेही २००च; प्रत्येकाला आपापला कप्पा मिळायला हवा. मग अडतं कुठे? अडतं असं, की सगळ्यांना ओळखणारे एखादे काका हजर असतील, तर कोणालाच न ओळखणारा माणूस तिथे असूच शकत नाही. काकांनी त्याला गाठलेलं असतं! दोन्ही टोकं एकदम भरत नाहीत, एक कप्पा बाद होतो, आणि काम फत्ते.

ऑफिसात मात्र हे तत्त्व कोणाला पटत नाही. "फाइल मेलवर जात नाहीये, अजून जरा झिप कर ना." अहो, बिट म्हणजे ० किंवा १; दहा बिटांच्या फाइली १०२४, त्याहून लहान सगळ्या, रिकामी धरूनही, १०२३. प्रत्येक फाइल आखडायची म्हटलं तर दोघी एकाच रूपात येणार, आणि उघडताना कोणती बाहेर काढायची हे कळणार नाही. झिपची झिप करून काही हाती लागत नाही ते उगीच नाही.

तत्त्व 'आहे' एवढंच सांगतं, पत्ता देत नाही. हा शोधच किती अवघड, याचा अभ्यास करायला पापादिमित्रिउ यांनी १९९४ मध्ये संगणकशास्त्रात अशा प्रश्नांचा वेगळा वर्गच पाडला. एसएचए-१ हे संगणकातलं सूत्र कुठल्याही फाइलीचा १६० बिटांचा ठसा काढतं. फाइली अगणित, तेव्हा दोघींचा ठसा जुळणार हे सूत्र आलं तेव्हापासूनच, १९९५ पासून, उघड होतं. जोडी हाती लागली फेब्रुवारी २०१७ मध्ये. ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल, नवावर अठरा शून्यं इतक्या वेळा ठसे काढून, दोन पीडीएफ घेऊन आले. एकीची पार्श्वभूमी निळी, दुसरीची लाल. ठसा मात्र एकच.