जुन्या फोटोंमधलं लंडन शोधताना: स्टेपल इन बघाच, बार्बिकनमधून चालत जाऊ नका

जुन्या लंडनचे फोटो घेऊन त्या जागा शोधायचा विचार असेल तर पहिलं सांगते, 'तेव्हा आणि आता' म्हणून ज्या पायी टूर विकतात त्यातली कुठलीही घ्यायच्या आधी दहादा विचार करा. आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि माझ्या मावसबहिणीने, माणशी 25 पौंड मोजले आणि निम्म्याहून जास्त वेळ काचेच्या बिल्डिंगसमोर उभं राहून गाईडच्या टॅबवर फोटो बघितले. तेच फोटो लंडन पिक्चर आर्काइव्हच्या साइटवर फुकट दिसतात, झूम करून दिसतात, आणि कुठल्या गल्लीचे आहेत तेही लिहिलेलं असतं. पैसे गेले त्यापेक्षा माहिती चुकीची मिळाली याचा जास्त राग आला.

हे फोटो आले कुठून ते थोडक्यात. सेंट पॉल्स कॅथेड्रलजवळ वॉरिक लेनमध्ये ऑक्सफर्ड आर्म्स नावाची घोडागाड्यांची जुनी सराई होती, तीन बाजूंनी लाकडी गॅलऱ्या, मधे चौक. 1875 मध्ये ती पाडणार असं कळल्यावर आल्फ्रेड मार्क्स नावाच्या माणसाने काही लोक जमवून तिचे फोटो काढून घेतले. तिथून 'सोसायटी फॉर फोटोग्राफिंग रेलिक्स ऑफ ओल्ड लंडन' सुरू झाली आणि 1886 पर्यंत 120 फोटो झाले, आधी आल्फ्रेड आणि जॉन बूल या फोटोग्राफरांनी काढलेले, नंतर हेन्री डिक्सनने. रंग उडू नये म्हणून मुद्दाम कार्बन प्रिंट केले. त्याच सुमाराला जॉन क्राउदर नावाचा चित्रकार जलरंगात याच गल्ल्या काढत फिरत होता, फोटोत जो रंग नाही तो त्याच्या चित्रांत मिळतो, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघा. ऑक्सफर्ड आर्म्सची जागा बघायला मात्र वॉरिक लेनला जाऊ नका, तिथे बघण्यासारखं काहीही उरलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. चान्सरी लेन स्टेशनच्या बाहेर पडलं की स्टेपल इन दिसतं, काळ्या लाकडी पट्ट्यांचं, वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले. गाईड म्हणाला की 1580 च्या दशकातलं आहे आणि तेव्हापासून असंच आहे. बहिणीने फोनवर सोसायटीचा फोटो उघडला तर त्यात ती लाकडं दिसतच नव्हती! सगळीकडे सपाट गिलावा, खाली दुकानं, नीट बघितलं नाही तर दुसरीच बिल्डिंग वाटेल अशी. नंतर वाचलं तेव्हा उलगडा झाला. 1886 मध्ये एका विमा कंपनीने ती इमारत घेतली आणि आर्किटेक्ट वॉटरहाउसने गिलावा काढून आतली लाकडं उघडी केली. म्हणजे आजचं स्टेपल इन 1880 च्या फोटोतल्यापेक्षा जास्त जुनं दिसतं. मागचा हॉल तर 1944 मध्ये उडत्या बॉम्बने उडाला आणि 1950 च्या दशकात परत बांधला. मला हे कळल्यावर इतकं भारी वाटलं की सगळी दमणूक गेली, आणि हे टूरमध्ये सांगत नाहीत याचं वाईटही वाटलं.

म्हणून फोटो जुळवताना लाकूड, रंग, दुकानांच्या पाट्या यांच्या नादी लागू नका. छपरांचे त्रिकोण कसे आहेत, मजला कुठे पुढे येतो, खिडक्यांच्या ओळी किती ते बघा, त्या गोष्टी सहसा टिकतात.

हाच प्रकार स्मिथफील्डला सेंट बार्थोलोम्यू द ग्रेट चर्चच्या दरवाजावर. खाली मध्ययुगीन दगडी कमान, वर 1595 चं लाकडी घर, सगळे त्याचे फोटो काढतात. पण ते लाकूड नंतरच्या काळातल्या दर्शनी भिंतीमागे झाकलेलं होतं, पहिल्या महायुद्धात झेपेलिनचा, म्हणजे जर्मन हवाई जहाजाचा, बॉम्ब जवळ पडला आणि त्या पडझडीत ते दिसलं. चर्चला लागून क्लॉथ फेअर गल्ली आहे, तिथलं 41-42 नंबरचं घर लंडनच्या 1666 च्या मोठ्या आगीच्याही आधीचं, 1930 च्या सुमारास पाडण्यापासून वाचलेलं. इथे घाई करू नका. समोर गल्ली अरुंद आहे, पूर्ण घर फ्रेममध्ये येत नाही, त्या काळी अवजड कॅमेरा कुठे ठेवला असेल ते शोधत आम्ही मागेपुढे होत राहिलो आणि टोकाच्या कोपऱ्यातून कोन बऱ्यापैकी जमला.

आणि मग तो भयंकर टप्पा. टूर इथून ऑल्डर्सगेट स्ट्रीट आणि बार्बिकनमधून बिशप्सगेटला पायी नेते. ऑल्डर्सगेटवर शाफ्ट्सबरी हाउस होतं, फोटोत सुंदर आहे, पण ते 1880 च्या दशकातच पाडलं. बाकीचा भाग 29 डिसेंबर 1940 च्या बॉम्बिंगमध्ये जळाला आणि त्यावर काँक्रीटचं बार्बिकन संकुल उभं राहिलं, रस्त्याच्या वर पूल, पायऱ्या, परत पूल, मोबाइलचा नकाशा तिथे वरचा रस्ता की खालचा ते धड सांगत नाही, त्यात आडवा पाऊस आणि वारा, आणि गाईड पुढे निघून गेलेला. जमिनीवर पिवळी रेघ असते ती आर्ट्स सेंटरला नेते, बिशप्सगेटला नाही. पाय गळून गेले आणि बघितलं काय, तर काही नाही. सरळ बार्बिकन स्टेशनवरून ट्यूब (भुयारी रेल्वे) घ्या, मधे फक्त मूरगेट, मग लिव्हरपूल स्ट्रीट, तेच बिशप्सगेटचं स्टेशन.

खरं तर लिव्हरपूल स्ट्रीटलाही उतरू नका. बिशप्सगेटवर सर पॉल पिंडर या व्यापाऱ्याचं साधारण 1600 चं घर होतं, 1890 मध्ये स्टेशन वाढवायला पाडलं. पण त्याचा कोरीव ओक लाकडाचा दर्शनी भाग काढून ठेवला आणि तो आज साउथ केन्सिंग्टनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये उभा आहे. जुना फोटो आणि खरी वस्तू अशी समोरासमोर फार कमी ठिकाणी मिळते.

ऑल्डविचला जाणार असाल, आपलं हाय कमिशन तिथे आहे म्हणून अनेकांना जावंच लागतं, तर विच स्ट्रीटचे फोटो आधी बघून ठेवा. पुढे झुकलेल्या घरांची ती गल्ली ऑल्डविच आणि किंग्सवे करताना पुसली गेली, 1905 मध्ये नवे रस्ते उघडले. हाय कमिशनचं इंडिया हाउस त्याच नव्या ऑल्डविचवर 1930 मध्ये आलं.

सदर्कचं जॉर्ज इन वेगळ्या दिवशी केलं, मजेत झालं. 1677 चं आहे, लंडनमधली गॅलरीवाली ही एकच सराई उरली, तीही एकच बाजू, बाकीच्या रेल्वेने 1889 मध्ये पाडल्या. ऑक्सफर्ड आर्म्स कसं होतं ते इथे कळतं. संध्याकाळी गर्दी होते, दुपारी जा.

क्लार्कनवेलच्या लंडन आर्काइव्हज या अभिलेखागारात बसून हे सगळं बघायचं असेल तर प्रवेश फुकट आहे, पण मूळ कागद मागवायला हिस्टरी कार्ड, म्हणजे तिथलं वाचक कार्ड, लागतं, त्यासाठी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या, पेन चालत नाही, पेन्सिल ठेवा. उघडे दिवस साइटवर बघूनच निघा. फोटो फोनमध्ये ऑफलाइन सेव्ह करा, पॉवर बँक घ्या, पावसात स्क्रीन चालत नाही म्हणून चार-पाच प्रिंट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.

आणि हे सगळं शुक्रवारी करा. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट त्या दिवशी रात्री दहापर्यंत उघडं असतं, तिकीट नाही, सकाळी स्टेपल इन, दुपारी क्लॉथ फेअर, मग ट्यूबने थेट साउथ केन्सिंग्टन, पिंडरच्या घरासमोर हवा तेवढा वेळ मिळतो.