डिचोलीच्या चित्रशाळेतून पटावरच्या लढाईकडे: आमची वाटचाल

पटावर मांडून लढायच्या खेळांसाठी, म्हणजे वॉरगेमसाठी, आम्ही छोटे शिपाई घडवतो. "या खेळांचं सगळ्यात चांगलं रूलबुक, नियमांचं पुस्तक, कुठलं?" हा प्रश्न आम्हाला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच. आम्ही त्यावर उलट विचारतो, "पटावर तुम्ही कोण आहात? पाच हजारांचा सरदार, गलबतावरचा तांडेल, की दहा माणसं घेऊन रानात शिरलेला नाईक?" समोरचा थोडा थांबतो. मग तो बोलायला लागला की त्याला कुठले नियम लागणार ते आपोआप कळत जातं. या उलट प्रश्नापर्यंत यायला आमची सहा वर्षं गेली.

आमचं मूळ घर गणपतीच्या चित्रशाळेचं. बाबा चिकणमातीचे गणपती करायचे, आणि मे महिन्यापासून चवथीपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसायची. मी मात्र शिकून खाणीवर सर्व्हेच्या कामाला लागलो. २०१२च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. डिचोलीत ट्रक ओळीने उभे राहिले आणि मी पुन्हा बाबांच्या चित्रशाळेत माती मळायला बसलो. त्याच चवथीला लंडनहून आलेले एक गृहस्थ खोक्यातून बोटाएवढे शिपाई घेऊन आले. प्रवासात दोघांचे हात तुटले होते. "गणपतीचे हात जोडता, यांचे जमतील का?" बाबांनी डोळ्यांना भिंग लावून ते जोडले. मी ते शिपाई हातात घेतले तेव्हा पहिल्यांदा वॉरगेम हा शब्द ऐकला.

पुढची दोन वर्षं शिकण्यात गेली. पटावरच्या शिपायाला फिगर म्हणतात. २८ मिलिमीटरची फिगर म्हणजे तळव्यापासून डोळ्यांपर्यंत साधारण तेवढी उंची. एवढ्याशा अंगावर पगडीचा पीळ आणि ढालीचे कंगोरे दिसायचे तर मूळ नमुना सुईने कोरावा लागतो. नमुना बाबांनी कोरायचा, सिलिकॉनचा साचा मी करायचा, साच्यात घट्ट होणारं रेझिन ओतायचं आणि सोडवायचं बायकोने, असं काम वाटून घेतलं. पहिल्या पावसाळ्यात सगळा माल फुकट गेला. पॉलियुरेथेन रेझिनला पाण्याचं वावडं असतं. हवेतला दमटपणा त्यात मिसळला की आत वायू तयार होतो आणि माल फेसाळतो. आमचे मावळे साच्यातून बाहेर पडायचे तेव्हा भाकरीसारखे फुगलेले आणि भोकाभोकांचे असायचे. शेवटी एक खोली बंद करून तिथे दमटपणा ओढणारं यंत्र बसवलं, रेझिनचे डबे उघडल्यावर लगेच हवाबंद करायची सवय लावली, आणि जून ते सप्टेंबर रंगाआधीच्या अस्तराचा स्प्रे प्रायमर मारायचाच नाही असं ठरवलं. पावसाळी हवेत प्रायमरवर पांढरट धूळ धरते आणि कोरलेलं सगळं बुजून जातं. त्या चार महिन्यांत आम्ही ब्रशने अस्तर देतो. वेळ तिप्पट लागतो, पण मालाला बट्टा लागत नाही. फिगरच्या पायाखालच्या बेसवर घालायला चिऱ्याची भुकटी वस्त्रगाळ करून वापरतो. ती तांबडी माती पाहिली की गोव्याबाहेरचं गिऱ्हाईकसुद्धा माल कुठला ते ओळखतं.

माल खपू लागला. मराठे, पोर्तुगीज, थोडे आदिलशाही. एका परगावच्या दुकानाने मोठी मागणी घेतली आणि पैसे बुडवले. त्या वर्षी घरातलं सोनं गहाण पडलं. पण त्याहून जास्त लागलं ते फोंड्याच्या एका मास्तरांचं बोलणं. ते आमचे जुने गिऱ्हाईक. दोन्ही बाजूंच्या फौजा विकत घेतलेल्या, रंगवलेल्या, आणि तशाच काचेच्या कपाटात. मी विचारलं, "मास्तर, खेळता ना?" ते म्हणाले, "तीनदा मांडला. तिन्ही वेळा मुलं उठून गेली. तुमच्या शिपायांत काही खोट नाही हो, खेळातच जीव नाही."

पुढच्या रविवारी मी फोंड्याला त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. त्यांनी मांडला होता फोंड्याच्या किल्ल्याचा १६८३चा वेढा. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर तोफा घेऊन आलेला, किल्ल्यात येसाजी कंक, आणि बाहेरून संभाजी महाराजांची कुमक येण्याची वाट. नियम वापरले होते ब्लॅक पावडर नावाच्या रूलबुकाचे. ते नियम उत्तम आहेत. सेनापतीने हुकूम मोठ्याने बोलून दाखवायचा, दोन फासे टाकायचे, आणि जमलं तर तुकडी एक, दोन किंवा तीन चाली पुढे जाते. ब्रिगेडी रांगेत लावून समोरासमोर भिडणाऱ्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या फौजांसाठी ते केलेले. पण वेढ्यात हलायचं कुणी? किल्ल्यातला खेळणारा पाळीमागून पाळी नुसता बसून होता. बाहेरच्याने तोफेचे फासे टाकायचे, याने भिंतीचे आकडे खोडायचे. चौथ्या पाळीला मास्तरांचा मुलगा पाणी प्यायला म्हणून गेला तो परत आलाच नाही.

घरी येताना बसमध्ये मी सर्व्हेच्या सवयीने हिशेब मांडला. आमची फिगर साधारण छप्पनास एक या प्रमाणातली. बंदुकीचा पल्ला शंभर मीटर धरला तर पटावर तो पावणेदोन मीटरच्या वर होतो. पट सहा फूट बाय चार फूट. म्हणजे खऱ्या प्रमाणात खेळलं तर एका टोकाचा बंदूकवाला जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत मारेल आणि कुणाला पाऊल टाकायची गरजच उरणार नाही. म्हणून बहुतेक रूलबुकं अंतर आवळतात, वेळ ताणतात, मोठ्या लढाईत तर कितीतरी माणसांच्या जागी एक फिगर उभी करतात. नकाशा करणारा कागदावर काय ठेवायचं नि काय सोडायचं ते आधी ठरवतो, तसंच हे. खाणीच्या नकाशावर मला कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, लागायच्या, घरांची दारं नाही लागायची. नियम करणाराही असंच काहीतरी सोडून देतो, आणि त्याने सोडलेलंच नेमकं आपल्या लढाईचं मर्म असलं तर डाव मरतो. हे मला त्या बसमध्ये उमगलं आणि तिथून आमचा धंदा बदलला.

मास्तरांसाठी आम्ही वेढ्याचे दोन भाग केले. तोफा आणि भिंत एका पट्टीवर नेली. रोज एक फासा टाकायचा, आज भगदाड किती रुंदावलं आणि कुमक किती जवळ आली ते पाहायचं. पटावर फक्त भगदाडावरचा हल्ला मांडायचा, सहा आणि बारा फिगरांच्या तुकड्या घेऊन. त्याला नियम घेतले सतराव्या शतकातल्या बंदूक-भाल्यांच्या लढायांसाठी केलेले पाइकमन्स लॅमेंट. त्यात तुकडीला हलवायला दोन फासे टाकायचे आणि हवा तेवढा आकडा पडला नाही की तुमची पाळी तिथेच संपते. त्यामुळे सगळ्यात महत्त्वाची तुकडी आधी हलवायची की शेवटी, यावरच माणूस घामाघूम होतो. मास्तरांची मुलं रात्री दहापर्यंत उठली नाहीत.

मराठी घोडदळाचा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही. बहुतेक रूलबुकांत माघार म्हणजे हार. तुकडी मागे हटली की धीर खचतो, गुण जातात. आपल्याकडे मागे हटणं हाच डावपेच होता. तेव्हा आम्ही एक पान वेगळं छापलं: हलक्या घोडदळाने शत्रू अंगावर येण्याआधी मागे फिरलं तर धीर कमी होत नाही, आणि विजयाचे गुण मारलेल्या माणसांवर न देता अडवलेल्या रसदेवर द्यायचे. हे एक पान आता आम्ही प्रत्येक मराठा फौजेच्या खोक्यात फुकट घालतो. माझ्या मते आम्ही आजवर केलेल्या कामात तेच सर्वांत मोलाचं आहे.

समुद्राचं आम्हाला एका निवृत्त तारवटी, म्हणजे जहाजावर काम केलेल्या, काकांनी शिकवलं. आंग्र्यांचं आरमार म्हणून आम्ही गुराबा आणि गलबतं काढली होती आणि सोबत मोठ्या युरोपीय युद्धनौकांचे नियम सुचवत होतो. त्या नियमांत सगळी मदार बाजूच्या तोफांवर; जहाज आडवं वळवायचं आणि एकदम बार काढायचा. काका पटाशी वाकले, गुराबेच्या नाकाला बोट लावलं आणि म्हणाले, "अरे, हिच्या तोफा इथे, पुढे. ही आडवी कशाला वळेल?" खरंच होतं. गुराब रुंद, उथळ बुडाची, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढे चोचीसारखं नाक आणि त्यावर मोठ्या तोफा. गलबत हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, ताशी चारेक मैल चालणारं. वारा पडला की गलबतांनी गुराब ओढत न्यायची, मोठ्या जहाजाच्या डोलकाठ्या पुढच्या तोफांनी मोडायच्या आणि ते लंगडं झालं की गलबतांतली माणसं चहूकडून वर चढायची. ही सगळी वाऱ्याची आणि खोलीची लढाई. म्हणून आमच्या नियमांत प्रत्येक पाळीला आधी वाऱ्याचा फासा पडतो, आणि पटावर खाडीचे उथळ भाग वेगळ्या रंगाने दाखवलेले असतात. तिथे गुराब जाते, फिरंग्यांचं मोठं जहाज रुततं. काकांनी हे नियम चार वेळा खोडून पुन्हा लिहायला लावले. छापून आले तेव्हा त्यांना पहिली प्रत दिली. ती त्यांनी देवाजवळ ठेवली.

सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याच्या बंडांना हे काहीच चालत नाही. १८५२मध्ये दीपाजी राणे उठले, नाणूसचा किल्ला घेतला आणि पुढे रानाच्या आधाराने पोर्तुगीज सरकारला झुंजवत राहिले. तिथे फौज दिसतच नाही, हीच खरी अडचण. फिगर पटावर ठेवली की शत्रूला सगळं कळलं. म्हणून तिथे आधी नुसत्या चकत्या ठेवायच्या. काहींखाली माणसं, काही रिकाम्या. आणि पाळी ठरवायची पिशवीतून. ही युक्ती दुसऱ्या महायुद्धावरच्या बोल्ट ॲक्शनमध्ये आहे: दोन्ही बाजूंच्या रंगाचे फासे एका पिशवीत घालायचे, ज्याचा रंग हाती येईल त्याने एक तुकडी हलवायची. पुढची चाल आपली की त्याची, कुणालाच ठाऊक नसतं. रानात चालताना मागे पाचोळा वाजला की जसं होतं तसं पिशवीत हात घालताना होतं.

मुलांचं जग निराळं. दिवाळीच्या आधी गल्लीगल्लीत नरकासुर उभे राहतात आणि मग मुलांना पटावरही राक्षस हवा असतो. त्यांना साँग ऑफ ब्लेड्स अँड हीरोज हे रूलबुक देतो. एका वीराला हलवताना एक, दोन की तीन फासे टाकायचे ते मुलानेच ठरवायचं. जास्त टाकले तर जास्त कामं होतील, पण दोन चुकले की पाळी गेली. पाच मिनिटांत कळतं. अंतराळातल्या जहाजांचं वेड असलेले एक-दोघे अभियांत्रिकीचे विद्यार्थी येतात, त्यांना फुल थ्रस्टचे नियम आवडतात. दोघांनी हुकूम गुपचूप कागदावर लिहायचे आणि जहाजं एकदम हलवायची. आणि ज्यांच्या फ्लॅटमध्ये दोन फुटांपेक्षा मोठं टेबल मावत नाही त्यांना डीबीए नावाचे नियम. एका बाजूला बारा तुकड्या, दर पाळीला एक फासा, जेवढा आकडा तेवढ्या चाली. तासाभरात आदिलशाही आणि विजयनगर लढून मोकळे होतात.

१९६१च्या डिसेंबरवर, गोवामुक्तीवर, खेळ करा, असं अनेकांनी सांगितलं. मागणी आहे हे मला दिसतं. तरीही आम्ही केलेला नाही आणि मी असेपर्यंत करणार नाही. ते दिवस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसं आमच्या वाड्यावर आहेत, चित्रशाळेच्या ओट्यावर येऊन बसतात. त्यांच्यासमोर त्या दिवसांचे फासे टाकायला माझा हात धजणार नाही.

बाबा आता कोरत नाहीत, त्यांची नजर गेली. पण नवा नमुना आधी त्यांच्या हातात देतो. ते अंगठा फिरवून सांगतात, "खांदा जड झालाय." बहुतेक वेळा तो झालेलाच असतो.

सध्या जुव्याच्या लढाईवर काम चालू आहे. फोंड्याचा वेढा उठल्यावर नोव्हेंबर १६८३मध्येच मराठ्यांनी रात्री जुव्याच्या बेटावरचा कोट घेतला. तो परत घ्यायला व्हाइसरॉय स्वतः उतरला आणि जेमतेम जीव वाचवून होडीतून परतला. या लढाईत तिसरा गडी आहे पाणी. मी जुव्याला दोनदा जाऊन आलो, काठी घेऊन चिखलाची खोली मोजली, खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचे, बांध आणि पाणी अडवायच्या-सोडायच्या मानशी पाहिल्या. पटावर आता दर पाळीला भरतीची निळी पट्टी एक इंच आत सरकते. चिखलात तुकडीची चाल निम्मी होते. होडीत सहाच फिगर मावतात.

गेल्या रविवारी मास्तरांचा तोच मुलगा पोर्तुगीज बाजूने बसला होता. आता तो कॉलेजात आहे. सातव्या पाळीला पट्टी बांधाला लागली. काठावर त्याच्या अकरा फिगर, होडी एक. मागून घोडदळ दोन चालींवर. तो बराच वेळ फासे हातात घेऊन बसला, मग एकेक फिगर उचलून होडीत ठेवू लागला. सहावी ठेवली आणि उरलेल्या पाचांकडे पाहत म्हणाला, "काका, यांना मागे ठेवायचं तर यांचा काही नियम हवा."

मी वही काढली. तो नियम अजून लिहितो आहे.