पवनाकाठचा मुक्काम आणि अण्णांचं कानाचं मशीन

जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी मी, अण्णा आणि माझा भाचा रोहन असे तिघं पवना धरणाकाठचे तिकोना आणि तुंग हे दोन किल्ले करून आलो. अण्णा 68 वर्षांचे आहेत. गुडघे ठणठणीत, पण दोन वर्षांपासून दोन्ही कानांना मशीन लागतं, तेही चार्जिंगवालं. घरी रात्री डबीत ठेवलं की सकाळी तयार. तंबूत राहायचं तर ही डबी पॉवर बँकेला लावायची, इतकं सोपं गणित मी मनात धरलं होतं. ते चुकलं. हे लिहिते आहे ते मुख्यतः त्यासाठीच, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन मुक्कामी जाणारे आपल्याकडे आता बरेच आहेत.

आधी वाटेचं. आम्ही कोथरूडहून पहाटे सहाला निघालो आणि चांदणी चौक, पौड, कोळवण, हाडशी, जवण करत तिकोना पेठेला पोचलो. कामशेतहून पवनानगरमार्गेही येता येतं, पिंपरी-चिंचवडकरांना तोच रस्ता बरा पडेल. तिकोना चढायला रमतगमत दीड तास पुरतो. वाटेत चपेटदान मारुती आहे, पुढे चुन्याची घाणी आहे, आणि शेवटचा टप्पा उभ्या पायऱ्यांचा. अण्णा तिथे एकेका पायरीवर हात टेकवून, पण न थांबता चढले. वर त्र्यंबकेश्वराच्या देवळापाशी बसलं की पवनेचं पाणी, पलीकडे तुंग, उजवीकडे लोहगड-विसापूर, सगळं एका नजरेत येतं. 1665च्या पुरंदरच्या तहात हे चारही किल्ले मोगलांकडे गेले होते, हे अण्णांनी रोहनला तिथेच बोटाने दाखवत सांगितलं. किल्ले समोर असताना ऐकलेलं पोरं विसरत नाहीत.

गड उतरलो तेव्हा माझा फोन 58 टक्क्यांवर आलेला. दहा-बारा फोटो सोडले तर मी त्याला हातही लावला नव्हता. डोंगरात रेंज कमी-जास्त होते तेव्हा फोन टॉवर शोधत राहतो आणि जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो, त्यात बॅटरी जाते. म्हणून पायथ्याशीच फोन फ्लाइट मोडवर टाका. जीपीएस त्यातही चालतं, फक्त नकाशा आदल्या दिवशी घरच्या वायफायवर उतरवून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तुंगवर आम्ही हे केलं, तर तेवढ्याच वेळात जेमतेम नऊ टक्के गेले. पॉवर बँक कितीची घ्यावी या प्रश्नाआधी हे करा.

मुक्काम गडावर नव्हता. धरणाच्या फुगवट्यापासून थोडं वर, एका शेतकरी मामांच्या खाचरात आम्ही तंबू लावले. भात निघून गेलेलं, जमीन कोरडी, खाली धसकटं टोचतात म्हणून पेंढा अंथरून दिला त्यांनी. मामींनी इंद्रायणीचा भात, पिठलं आणि तांदळाची भाकरी केली. पाण्यात मात्र अजिबात उतरू नका. काठ शांत दिसतो, पण आत एकदम खोल होतो आणि चिखलात पाय रुततो. मामांनी आम्हाला आल्या आल्या हेच पहिलं सांगितलं.

"चार्जिंगचं काय टेन्शन घेऊ नका ताई, घरात बोर्ड आहे," असंही ते म्हणाले होते. संध्याकाळी सात वाजता लाइट गेली ती रात्रभर आलीच नाही.

आमच्याकडे दोन पॉवर बँका होत्या. एक 20000 एमएएचची, एक 10000ची. या आकड्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण रोहनचीही समजूत अशीच होती की 20000 म्हणजे त्याचा 5000चा फोन चार वेळा भरणार. तसं होत नाही. तो आकडा आतल्या सेलचा असतो, 3.7 व्होल्टवरचा. बाहेर वीज येते ती निदान 5 व्होल्टने, आणि ती चढवताना काही भाग उष्णतेत जातो. पॉवर बँक उलटी करून बारीक अक्षरं वाचा, तिथे 'रेटेड कपॅसिटी' म्हणून वेगळा आकडा असतो. आमच्या 20000च्या पाठीवर 12000 लिहिलंय. म्हणजे 5000चा फोन अडीच वेळा धरा, त्यापुढची आशा नको. दोन दिवस, तीन माणसं, तीन फोन, एक हेडलॅम्प आणि अण्णांची डबी, एवढ्याला 20000ची पुरते. 10000ची मी केबलसकट झिपच्या पिशवीत बंद करून माझ्या सॅकच्या तळाशी ठेवली होती. ती परत येईपर्यंत उघडायची नाही, असं ठरलेलं. कोणाचा पाय मुरगळला, वाट चुकली, 112ला फोन लावायची वेळ आली, तर ती. रोहनने रात्री गाणी ऐकायला मागितली, दिली नाही.

आता त्या रात्रीचं. दहाच्या सुमारास अण्णांनी कानातली मशीनं काढून डबीत ठेवली. मी डबी मोठ्या पॉवर बँकेला लावली, डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागलेला डोळ्यांनी पाहिला, तंबूची चेन ओढली आणि झोपले. पहाटे साडेपाचला उठून पाहते तर दिवा बंद. पॉवर बँकेचे चार्ज दाखवणारे चारही ठिपके शाबूत, म्हणजे तिच्यातून काही गेलंच नव्हतं. अण्णांनी मशीनं कानात घातली, ती दोनदा वाजली आणि गप्प झाली.

मी विचारलं, "अण्णा, थंडी वाजली का रात्री?" ते हसले आणि म्हणाले, "हो हो, छान आहे." त्या हसण्याची मला ओळख आहे. ऐकू येत नसलं की ते असंच हसतात, समोरच्याला दोनदा बोलायला लागू नये म्हणून.

कारण साधं आहे. पॉवर बँक वीज किती ओढली जातेय यावर लक्ष ठेवून असते. ओढ फार कमी झाली, साधारण 50 ते 100 मिलिअँपिअरच्या खाली गेली, की तिला वाटतं फोन भरला, आणि ती स्वतःला बंद करते. फोनसाठी हे योग्यच आहे. पण कानाचं मशीन, स्मार्ट घड्याळ, छोटे इअरबड, काही हेडलॅम्प हे मुळातच इतकी कमी वीज घेतात की पॉवर बँक मिनिटा-दोन मिनिटांत मिटते. काही पॉवर बँकांमध्ये यासाठी वेगळा मोड असतो. बटण दोनदा दाबायचं किंवा दाबून धरायचं, कंपनीगणिक वेगळं, कागदावर दिलेलं असतं. आमच्या पॉवर बँकेला तो मोड नाही. मग रोहनला सुचलं. त्याचा 30 टक्क्यांवरचा फोन त्याने दुसऱ्या पोर्टला लावला आणि शेजारी डबी. फोन भरपूर वीज ओढत असल्यामुळे पॉवर बँक जागी राहिली आणि डबीचा दिवा लुकलुकत राहिला. काही पॉवर बँकांत प्रत्येक पोर्टचा हिशेब स्वतंत्र असतो, तिथे ही युक्ती चालणार नाही. आणि फोन पूर्ण भरला की ओढ पुन्हा कमी होते, म्हणून फोन रिकामाच लावायचा.

तुंगला सातला निघायचं होतं, आम्ही साडेनऊपर्यंत थांबलो. तुंगच्या पायऱ्या अरुंद आहेत आणि एका बाजूला सरळ खाली आहे. "अण्णा, तो दगड हलतोय," हे मागून म्हटलेलं त्यांना ऐकू आलंच पाहिजे. मोरवेमार्गे तुंगवाडीला गाडी लावून, मारुतीच्या देवळापासून चढायला लागलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. अण्णा गोमुखी दरवाजातून पुढे गणपतीच्या देवळापर्यंत आले, तिथे सावलीत बसले. मी आणि रोहन वर तुंगाईचं दर्शन घेऊन आलो. वरून हाक मारली तर त्यांनी हात वर केला.

आणखी काही गोष्टी, जशा आठवतायत तशा. पवनाकाठी जानेवारीत दव इतकं पडतं की सकाळी तंबू पिळून काढावा. रोहनचा फोन रात्री तंबूच्या पडद्याला टेकून राहिला आणि सकाळी चार्जिंगला लावल्यावर 'पोर्टमध्ये ओलावा' म्हणून अडून बसला. अशा वेळी फुंकर मारू नका, काडी घालू नका. तोंड खाली करून हलकेच झटकायचा आणि वाऱ्यावर अर्धा तास ठेवायचा. सगळं चार्जिंगचं सामान आतल्या बाजूला, सुक्या कपड्यांत ठेवा, पण चार्जिंग चालू असताना गुंडाळू नका आणि उशाखाली तर नाहीच. गाडी उन्हात लावणार असाल तर पॉवर बँक डॅशबोर्डवर सोडू नका.

पाठीला छोटं सोलर पॅनल चिकटवलेल्या पॉवर बँकेच्या नादी लागू नका. तेवढ्याशा पॅनलमधून एक-दीड वॉट मिळतो, 10000ची भरायला कडक उन्हाचे चार-पाच दिवस लागतील. त्यापेक्षा निघायच्या आदल्या संध्याकाळीच घरी लावा. 20000ची जुन्या 10 वॉटच्या चार्जरवर भरायला दहा तासही लागतात. विकत घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या. मी एकदा रस्त्यावरून स्वस्तात घेतलेली सहा महिन्यांत फुगली होती. फुगलेली पॉवर बँक एकदाही वापरायची नाही, भोकही पाडायचं नाही, ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकायची नाही, ती ई-कचऱ्यात द्यायची.

परतल्यावर मी हलक्या लोडचा मोड असलेली एक पॉवर बँक घेतली. शुक्रवारी रात्री अण्णांची डबी मुद्दाम भिंतीच्या प्लगऐवजी तिला लावून ठेवली आणि पहाटे उठून दिवा पाहिला. चालू होता.